पाचवं पाऊल

शिरोड्याच्या जत्रेत पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा
वय अकरा, काम सखी नंबर चार.
बोलायचं काहीच नव्हतं.
नायिका विरहात असताना मागे डुलायचं, एवढंच.
रघुवीर मास्तर म्हणाले, "तू झाड आहेस असं समज."
मी माड समजले.
सगळ्या सख्या उजवीकडे झुकल्या,
मी समुद्राकडे.

पडद्याआड एक चापट बसली.
तीच माझी नेमणूक.

मग वीस वर्षं नुसते पाय.
म्हार्दोळ, सावईवेरें, पार माशेलपर्यंत.
कदंबच्या शेवटच्या बसमध्ये घुंगरांची पिशवी मांडीवर,
कंडक्टर विचारायचा, "नारळ काय गो?"
मी म्हणायचे, नारळच.
खड्डा आला की नारळ वाजायचे.
आई दार उघडताना एकच विचारायची,
"जेवण दिलं का त्यांनी?"

मडगावला तियात्रातही तीन मोसम नाचले.
तिथे ऑर्गनऐवजी ट्रम्पेट.
कायतान फुंकायला लागला की गालांबरोबर
त्याचं कपाळसुद्धा फुगायचं.
तो म्हणाला, "तुम्ही जमिनीला विचारून पाय ठेवता.
आमच्यात आधी पाय, मग विचार."
बोरीच्या पुलावर बस बंद पडली त्या रात्री
खाली उतरून दोन्ही करून पाहिलं.
पूल दोन्हीला हलला.

पुढे मीच नाच बसवायला लागले.
हस्तपत्रिकेत नाव आलं,
नेपथ्याच्या खाली, वेशभूषेच्या वर,
एकदा चुकून जनरेटरच्या ओळीत.

माझे नर्तक म्हणजे बँकेतला कॅशियर,
दोन पदेर, पहाटेच्या पावाआधी तालमीला येणारे,
आणि पंचायतीचा सेक्रेटरी,
ज्याला फक्त डावीकडे वळता यायचं.
त्याच्यासाठी अख्खा दरबार डावीकडे वळवला मी,
राजासकट.
स्पर्धेच्या परीक्षकांनी लिहिलं,
"दिशांचा प्रतीकात्मक वापर."

गुडघा गेला सत्तेचाळिसाव्या वर्षी.
नायक मरत होता, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं.
तेव्हापासून टेबलावर नाच बसवते,
तर्जनी आणि मधलं बोट.
बोटांना दोन दोन गुडघे असतात,
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी खाणी बंद झाल्या
आणि गावड्यांचा खुशाली तालमीला आला,
ट्रक अंगणात उभा करून.
"बाये, म्हजे पांय आयकनात."
चार पावलं बरोबर टाकायचा,
पाचव्याला डावा पाय आधी हलकेच दाबायचा.
क्लच.
अकरा रात्री ओरडले त्याच्यावर.
बाराव्या रात्री प्रयोग.

दुसऱ्या अंकात जनरेटर गेला.
नानूची पेटी थांबली नाही,
त्याला तसंही दिसत नव्हतं फारसं.
अंधारात सोळा पाय चालत राहिले
आणि त्यांत एक पाय दर वेळी थोडा उशिरा.
त्या उशिरावरून मला कळत होतं
कोण कुठे आहे.
कुणी कुणावर आदळलं नाही.
दिवे आले तेव्हा आठही जण जागच्या जागी,
आणि मी विंगेत एका चपलेवर.

दुसऱ्या वर्षी सगळ्यांना क्लच शिकवला.

परवा माशेलला एक मुलगी पाहिली,
सोळा-सतरा वर्षांची, घोटे पक्के.
चार पावलं, मग तोच दाब,
श्वास अडकावा एवढाच.
विचारलं, "हे कुठून घेतलंस?"
म्हणाली, "शिरोड्याची परंपरा आहे ती, आजी.
रघुवीर मास्तरांच्या वेळची. फार जुनी."

खुशाली कतारला क्रेन चालवतो.
त्याला सांगायचं तर तिकडे आता रात्र असेल, नसेल,
हिशेब मला कधी जमला नाही.

"असेल," मी तिला म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मांडीवर पिशवी नव्हती.
दोन बोटं आपोआप चार पावलं चालली
आणि थांबली.
ड्रायव्हरने गियर बदलला.