सव्वादोन फूट

मिस्किटांच्या भिंतीपासून आमच्या भिंतीपर्यंत
सव्वादोन फूट.
टेप मीच धरला होता, दोनदा.
मशीनवाला फोनवर हसला :
ताई, आमचं मशीन तीन फुटांचं.
काय कौलांवरून उतरवू?

कलिना गावठाणात मागची जागा म्हणजे काय,
एक मोरी, जाळी घातलेली विहीर
आणि तीन बुडखे.
झाडं कधीच गेली.
शेवगा वाऱ्याने, जांभूळ पालिकेच्या करवतीने,
तिसरं कशाचं होतं
ते घरात कुणालाच सांगता येईना.
आम्ही त्यांच्यावर बादली ठेवायचो,
पापडाचं ताट, मांजराची वाटी.
वाळवी स्वयंपाकघराच्या चौकटीत शिरली
तेव्हा कळलं,
ते अजून लाकूड आहेत.

सायबण्णा गुरुवारी आला. सोबत सून, रत्नव्वा.
दिवसाचे नाही, म्हणाला, बुडख्याचे घेतो.
बोळातून पहार आडवी जात नाही,
उभी धरली तर वर विजेची वायर.
तान्ह्या पोराला धरावं तशी
ती छातीशी तिरपी धरून
तो एका खांद्याने सरकत सरकत आत गेला.

पहिला दिवस नुसती माती.
आधी मुळं उघडी करायची,
एक रात्र त्यांना वारा लागू द्यायचा,
मग ती हट्ट सोडतात.
असं तो म्हणाला. मी चहा ठेवला.
डोक्यावरून विमान गेलं की तो थांबायचा,
कुदळ हवेत तशीच,
बोलणं अर्धं राहिलेल्या माणसासारखा.

शेवगा भिजलेल्या पावासारखा निघाला.
रत्नव्वाने हातानेच ओढला
आणि तोंडाला पदर लावून हसली.
जांभळाने दीड दिवस खाल्ला.
त्याचं एक मूळ, मांडीएवढं,
मिस्किटांच्या भिंतीखालून पलीकडे गेलेलं.
इथेच तोडू, की विचारून येता?

पंधरा वर्षांत पहिल्यांदा
मी पुढून वळसा घालून त्यांची बेल वाजवली.
सिसिलियाबाईंनी आधी कुत्रा बांधला.
ते मूळ होय? म्हणाल्या,
त्याने आमची लादी उचलली तेव्हापासून
आमचा म्हातारा त्याच्यावर पाय टेकून पेपर वाचायचा.
तुमच्याकडचं न्या.
आमच्याकडचं राहू दे.

तिसऱ्यावर कुऱ्हाड पडली आणि ठिणगी उडाली.
आत लोखंडी कडी,
लाकडाने चारी बाजूंनी गिळलेली.
गाय बांधायची असेल, किंवा होडीचा दोर,
किंवा पाळणा. कुणाचा, ते विचारायला
आता कुणी नाही.
सायबण्णाने ढलपी उचलली, हुंगली,
जिभेवर ठेवून थुंकली.
खैर नाही. शिसव नाही.
बराच वेळ उकिडवा बसून राहिला, मग म्हणाला,
याचं नाव लागत नाही.
याचे दोनशे जास्त.

तुकडे बोळातून गेले, गाभा जाईना.
मग सिलिंडर सरकवला, पिठाचे डबे पलंगावर,
फरशीवर गोणपाट,
आणि तो ओट्यासमोरून, फ्रिजला घासत,
देवघराखालून
हळूहळू लोळत गेला.
रत्नव्वा पुढे, हात पसरून,
उलट्या पावलांनी.
दाराबाहेर टेम्पो होता.
कडी मी काढून घेतली. कशाला, विचारू नका.
खिळ्यांच्या डब्यात आहे.

खड्डे भरायला रविवारी भराव येणार होता,
आला नाही.
सोमवारी पहाटे, अर्ध्या झोपेत,
पाणी आल्याबरोबर बादली भरली
आणि रोज ठेवते तिथे ठेवली.

मोठा आवाज झाला.
मिस्किटांचा कुत्रा भुंकला.
भिंतीपलीकडून सिसिलियाबाई :
काय पडलं गो?

काही नाही, मी म्हटलं,
गुडघ्यापर्यंत भिजलेली.
बादली.