हातचा एक

मंगळवारी रात्री आठला तेवीस काळे चौकोन उघडतात,
प्रत्येकाच्या तळाशी एकेक नाव,
थडग्यावर असावं तसं.
कास्त्रोच्या माझ्या घरातून मी जमाखर्च शिकवते.
जमा कुणीच नाही, नुसती नावे.
घराखाली लाकडी खांबांशी भरतीचं पाणी चुळबुळतं,
तेवढाच काय तो प्रतिसाद.

"कळलं का?" म्हटलं की
तेवीस अंगठे वर, पिवळेधमक, एका मापाचे.
हिशेब शिकायला आलेले
सगळे पुन्हा अंगठाबहाद्दर.
कोण बटाटे सोलतंय, कोण झोपलंय,
अंगठ्यावरून काय कळणार?

चौथ्या आठवड्यात माझी बेरीज चुकली.
सात आणि पाच बारा, हातचा एक,
तो मी हवेतच सोडला.
शिंपल्यांच्या सोसायटीचे हजार पेसो
माझ्या देखत बुडाले, मला पत्ता नाही.
अंगठे येतच होते.

मग खर्र झालं. डिझेल इंजिनाची धडधड,
आणि घसा खाकरून एक पुरुष:
"बाई, हजार कमी आहेत.
माझ्या बापाचे असेच गेले."
एलिसेओ बार्रिया. केयोनचा. बोटीवरून.

"कुठे गेले?" कुणीतरी विचारलं.
मी नव्हे.
तो सांगू लागला, आणि ऐन मध्यावर
वाऱ्याने त्याची रेंज तोडली.
आचाओची ओर्तेन्सिया म्हणाली, थांबा, येईल तो.
थांबलो.
घसारा शिकवायचा राहिला तो राहिलाच.

नंतर मी चुका मुद्दाम पेरून पाहिल्या.
"बाई, ही आजची खोटी," लगेच हशा.
मुद्दामची चूक त्यांना वासाने कळते.
कॅमेरे अजून बंदच असतात.
मी आग्रह सोडला.

काल बावीस होते.
आकडा टिपून मी पुढे निघाले होते.
"नायादेत कुठाय?" एलिसेओ.
मी म्हटलं, ती तशीही बोलत नाही.
"बोलत नाही, पण असते. आज नाहीये."

कुणाला आठवलं, तिचे दिवस भरत आलेत.
हे मला माहीत नव्हतं.
त्यांना कधी, कुठे कळलं,
तेही नव्हतं माहीत.

"माझ्यापासून तिसरं घर," ओर्तेन्सिया उठली.
माइक बंद करायचं विसरली.
आधी बूट. दाराची कडी.
कुत्रं, लांबवर दुसरं कुत्रं,
मग नुसता वारा,
आणि तो ऐकत
एकवीस जण, आणि मी.