पिंप

अदोझिंदाबाई कुलपात
वीतभर लांब किल्ली फिरवतात. "शाव्ह."
"चावी," मी म्हणते.
त्या वळून बघतात.

तळघर आंबूस, गार.
ओकची पोटं भिंतीला ओळीनं.
"पीपा," त्या थोपटतात, गाभण गाईला थोपटावं तशा.
पिंप. आमचं न्हाणीतलं, पत्र्याचं,
पाणी संपलं की घुमणारं.

तुडवायला यंदा माणसं मिळाली नाहीत.
मुलगा लक्झेंबर्गला फरश्या बसवतो.
दगडी हौदात या एकट्याच उतरल्या,
पोटऱ्या अजून जांभळ्या.

निघताना पाकीट काढून विचारते, "पगार?"
त्यांच्या भाषेत: पैसे द्यायचे?

त्या पदरासारखा एप्रन तोंडाला लावून हसतात,
पेला पुन्हा भरतात.
बाहेर पाटीच्या दगडाचा डोंगर,
कुणीच काही न लिहिलेला,
उन्हात तापतोय.