आगपेटीतले छर्रे

बेबीताई नखाते बंदूक घेऊन आली
जुन्या पातळात गुंडाळून,
जशी आजारी कोंबडी आणावी डॉक्टरकडे.
"फुटाळ्यावर ऐन धंद्याच्या वेळी कण्हते जी.
घोडा ओढला का खणखण करते,
अन् छर्रा फुग्यापर्यंत पोचते का नाई, मले भरोसा नाई."

मी नळी मोडली.
मोडायचीच असते ती, मधोमध, कोपरासारखी.
खोलल्यावर निघालं ते असं:
मे महिन्यात पातळ होऊन दस्त्यात उतरलेलं ग्रीस,
तळ्याकाठची धूळ, एक वाळलेली मुंगी,
आणि स्प्रिंग, एका अंगाला कललेली,
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर बसणाऱ्या
कारकुनासारखी.

तेवीस वर्षं लेथवर उभा होतो मी,
निवृत्तीनंतर हात रिकामा राहत नाही.
स्प्रिंगची टोकं दगडावर सपाट केली,
तिच्या पोटात नायलॉनची दांडी बसवली, केसाइतकी सैल.
चामड्याचा वॉशर रात्रभर तेलात ठेवला,
सकाळी साबुदाण्यासारखा टपोरा.
ग्रीस लावलं काजळाइतकंच.
जास्त झालं की आत जळतं,
धूर सोडते बंदूक, आणि लोक म्हणतात
बाप्पा, काय जोर आहे.

डिसेंबर. सहा वाजता सक्करदऱ्याच्या मागची गल्ली रिकामी.
सुतळीने मोजलेले दहा मीटर,
टोकाला विटांची भिंत, तिच्यापुढे रद्दीचा गठ्ठा,
त्यावर लग्नपत्रिकेची कोरी बाजू.

पहिली डबी टोकदार छर्‍यांची.
पाच मारले, पाच दिशांना गेले,
पंगतीत रुसलेले पाच जावई.
दुसरी डबी परदेशी, गोल डोक्यांची,
इतवारीत सोनाराच्या काट्यावर मी एकेक तोलला होता,
वजनात कुणाचीच खोड नव्हती,
तरी भोकं उभी पडली, शिडीसारखी.
तिसरे जड. स्प्रिंगला धाप लागली.

उरली गांधीबागेतली कागदी पुडी,
फुटाण्यासारखी बांधलेली,
सपाट तोंडाचे, काळपट, स्वस्त.
अंगठ्याने दाबताना नळीने थोडं नाही म्हटलं,
मग घेतलं.
पाच छर्‍यांचं एकच भोक, कडा कुरतडलेलं.
रुपयाखाली झाकलं गेलं.

घट्ट धरायची नाही, हे कुणाला पटत नाही.
ही बंदूक दोनदा हलते, आधी मागे, मग पुढे,
आणि छर्रा अजून नळीतच असतो.
तेव्हा तिला हलू द्यायचं, फक्त दर वेळी सारखंच.
तळहातावर ठेवायची,
झोपलेल्या पोराची टाच उचलून ठेवावी तशी.

बेबीताईने पत्रिका उजेडात धरली.
भोकातून माझ्याकडे पाहिलं.
"हे तं लय सरळ झाली जी.
पयले डावीकडे मारे, तशीच करा ना थोडी.
सारेच फुगे फुटले तं माह्यं घर कोण चालवीन?"

माशी वाकवायला एक टिचकी पुरते.
पक्कड हातात होती. ठेवून दिली.
तिच्या पिशवीत टाकली पहिली डबी, जावयांची.
"गिऱ्हाइकाले हे द्या," म्हणालो.
बंदूक खोटी नाही, मी स्वतःला सांगितलं,
आणि पानं आवरत बसलो, विनाकारण बराच वेळ.

पुडीतले अकरा उरले होते.
ते आगपेटीत भरले, तिच्या आचलसाठी.

परवा सहज गेलो.
रात्रीचे साडेदहा, तळ्यावरून गार वारा,
शेवटचं गिऱ्हाईक पाच फुगे हुकवून
मक्याचं कणीस खात निघून गेलेलं.
आचलने स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या,
आगपेटी कानाशी हलवली.
"तीनच हायेत, काका."
बंदूक तळहातावर ठेवली, दाबली नाही,
आणि नेम धरला,
फुग्यावर नाही,
फुग्याच्या दोर्‍यावर.