एक ते चार

माइकोनाच्या पुढे, चाल्बीच्या खारट रेतीत
टॉवर उभा आहे. खाली जनरेटर,
आणि बारा वर्षं त्याच्या घरघरीला पाठ टेकून
झोपणारा राखणदार, गलगालो.

एन्काथा नैरोबीहून आली. लॅपटॉप मांडीवर घेऊन
म्हणाली, रात्री एक ते चार इथं बोलतं कोण?
तीन चॅनेल निजवू, एक जागं ठेवू,
बाळंतिणीच्या उशाशी एखादी बाई
डोळे मिटून कान उघडे ठेवते, तसं.
तेवढ्याला बॅटरी पुरेल. डिझेल अर्ध्यावर येईल.

एक वाजला. जनरेटर खाकरला, थांबला.

इतकं सामसूम, की उंटाच्या गळ्यातली
लाकडी घंटा दोन मैलांवरून ऐकू आली.
गलगालोच्या डोळ्याला डोळा लागेना.
त्यानं चहा टाकला. दोघांपुरता.
मग जरा वेळानं विचारलं,
अर्ध्यावर म्हणजे नेमकं किती लिटर?

तिनं आकडा सांगितला.
तो बोटांच्या पेरांवर मोजत राहिला
तिच्या हिशेबात नसलेलं काही:
आठवड्याचा एक कॅन, धाकटीची फी,
मोटारसायकलवाल्याची उधारी.

एन्काथाला कळलं.
तक्त्यात एक रकाना होता, ‘गळती’.
तो तिनं कोरा सोडला.

तीन वाजून दहा मिनिटांनी
त्या एकुलत्या जाग्या चॅनेलवरून
कुणाचा तरी फोन गेला.
कुणाला, ते टॉवर सांगत नाही.
हिरवा दिवा लुकलुकला, एवढंच.
दोघांचाही चहा निवला होता.