तीन नंबरचा गुडघा

अकरा वर्षं झाली, कुताइसीत अजून
त्या रेफरीचं नाव कोणी नीट घेत नाही.
शेजारच्या लाकडाच्या वखारीतल्या वाखोनं तर
आपल्या भेकड कुत्र्याचं नाव ठेवलंय फिंटन,
दिवसातून वीसदा हाक मारतो,
शिव्या घालायला सोयीचं पडतं म्हणून.

मी टायर बदलतो. गिऱ्हाईक आधी माझे कान बघतं,
सुकवलेल्या जर्दाळूसारखे चुरगळलेले,
मग माझ्याकडे. मग म्हणतं, तूच ना तो, बाद्री?
लुटलं रे तुला त्या आयरिशानं.
आणि उरलेले सुटे परत घेत नाही.
मी ठेवून घेतो.

तिबिलिसी. नोव्हेंबर. एकोणऐंशीवं मिनिट.
आम्ही दोन गुणांनी पुढे, स्क्रम आमचा, चेंडू आमचा.
आठ जणांनी मिळून एक म्हैस व्हायचं
आणि उभं राहायचं,
एवढंच.

क्राउच. बाइंड. सेट.

बाहेरून दिसतं सोळा पाठींचं छप्पर, त्यावर वाफ.
आत अंधार असतो. उकरलेल्या मातीचा वास,
समोरच्याच्या दाढीचे काटे गालात,
कोणीतरी दुपारी लसूण खाल्लेला,
मागून सगळा देश ढकलतोय, पुढून दुसरा देश,
आणि मधे एक मान.
आमच्याकडे पोराची मान शिंप्याच्या टेपनं मोजतात
आणि त्याच मापानं त्याला मान देतात.

पहिल्यांदा कोसळलो. पुन्हा लावला.
दुसऱ्यांदा कोसळलो, त्यानं दम दिला
दोघांनाही, म्हणजे कोणालाच नाही.
तिसऱ्यांदा तोंडघशी पडलो
तेव्हा खरंच दाती तृण होतं माझ्या,
थुंकून वर पाहिलं
तर त्याचा हात पाहुण्यांच्या बाजूनं वर गेलेला:
तीन नंबर, तू पाडलंस.

पेनल्टी. तीन गुण. एका गुणानं हरलो.

महिनाभर टीव्हीवर बाण आणि वर्तुळं.
बघा, पाहुण्यांच्या एक नंबरचा हात, पाठीवरून घसरला,
बघा, बाही धरून खाली ओढतोय.
पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात घेतलं.
मामाच्या लग्नात तामादानं शिंग उचलून
पूर्वजांच्या नंतर आणि मुलाबाळांच्या आधी
माझ्या मानेच्या नावानं सगळ्यांना प्यायला लावलं.
मी उभा राहिलो. प्यालो.

आणि तो उभा होता पलीकडे,
चेंडू घालतात त्या अंगाला.
मी ती फीत किती वेळा पाहिली असेन,
बायको झोपल्यावर, आवाज बंद करून.
त्याच्या आणि माझ्या मधे माणसांची भिंत.
त्याला मी दिसतच नव्हतो.
त्यानं अंदाज मारला.

आता हे वाखोला सांगू नका.
त्या मंगळवारी उजव्या गुडघ्यात
मी दोन सुया टोचून घेतल्या होत्या,
कोचला न सांगता, झुगदिदीच्या एका डॉक्टरकडून.
तिसऱ्या वेळी आत काहीतरी सुटलं,
ओल्या दोरीची गाठ सुटावी तसं, हळूच.
मग त्यानं ओढलं.
की त्यानं ओढलं आणि मग सुटलं?
दोन्ही एकाच श्वासात झालं. श्वासही माझा होता की त्याचा, कोण जाणे.
पण रात्री तीन वाजता विचाराल
तर आधी गुडघा.

नानुकाच्या गणिताच्या वहीत बाईंनी लाल पेनानं लिहिलंय:
उत्तर बरोबर, रीत नाही. शून्य.
ती रडत होती. मी म्हटलं, बाई चुकल्या.
मग म्हटलं, नाही, बरोबर आहेत.
मग तिची आई म्हणाली, तुम्ही जेवायला चला.

काल बर्फ पडला. वाखो बटुमीला गेलेला,
कुत्रा वखारीच्या दाराशी कुडकुडत.
मी हाक मारली, फिंटन.
तो पोट जमिनीला घासत आला,
त्या नावानं त्याला कधी कोणी पाव दिला नव्हता.
पाव द्यायला मी खाली वाकलो,
गुडघा वाजला, उजवाच.

कुत्र्यानं कान टवकारले,
आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.