पाठीवरच्या पट्ट्या

साखर पेठेतल्या वाचनालयात पुस्तकांना वयं होती.
पाठीवर लाल पट्टी : दहापर्यंत.
हिरवी : पंधरापर्यंत.
पिवळी मोठ्यांची, वरच्या फळीवर,
जिथं फक्त बिराजदारकाकांचा हात पोचायचा.

मी अकराची. लाल सगळी संपलेली,
बोलणाऱ्या माशाची गोष्ट तर तीनदा.
"हिरवी घे की बे," काका म्हणायचे,
"पिवळीकडं काय बघूलालीस?"

पण चार दिवसांनी नळाला पाणी आलं
की काका घागरी घेऊन पळायचे
आणि अख्खं वाचनालय माझ्या भरवशावर.
स्टूल डुगडुगायचं. मी चढायचे.

पहिली पिवळी खुनाची निघाली.
तेंदूच्या ओल्या पानांखाली, सुपातून घरी नेली.

आई विड्या वळत होती.
घरात तेलुगू, बाजारात मराठी,
वाचायला दोन्ही येत नव्हत्या तिला.
"लपवतेस काय? मोठ्यानं वाच,
हात चालतात माझे, कान रिकामेच आहेत."

वकिलाची बायको नवऱ्याला चहातून विष देते,
तिथं आईनं विचारलं, "निजमेना?"
खरंय का?
नाही गं, रचलेलं आहे. कादंबरी.
आईनं दातानं दोरा तोडला.
"रचलेलं कसं? आपल्याच बोळात राहते की ती.
फक्त चहा अजून साधा देते."

मग मी खरं आणलं.
एका गिरणी कामगाराचं आत्मकथन,
मुखपृष्ठावर त्याचाच फोटो, टोपीसकट.
हे निजम, मी बजावून सांगितलं,
यातलं अक्षर न् अक्षर घडलेलं.
आई चार रात्री काही बोलली नाही.
पाचव्या रात्री संपाचं पान आलं :
'त्या पहाटे भोंगा हंबरडा फोडत होता...'
कात्री थांबली.
"भोंगा वाजलाच नव्हता त्या दिवशी.
म्हणून तर कळलं आम्हाला.
उजाडलं, आणि भोंगा नाही.
तुझे बाबा डबा हातात धरून
दारात तसेच उभे."

मी पुस्तक मिटायला लागले.
"मिटू नको. बायकोचं लिहिलंय ते खरंय.
ती जेवले म्हणायची आणि जेवलेली नसायची.
कळलं म्हणायचं त्याला. उशिरा का होईना."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात
दीडशे विड्या छाट निघाल्या तिच्या.
पैसे कापले. मला काही बोलली नाही.

त्यानंतर मी पट्ट्या बघायचं सोडलं.
बर्फातलं प्रवासवर्णन वाचलं मे महिन्यात,
चव्वेचाळीस डिग्रीत, डोक्यावर ओला टॉवेल.
पुढच्या शतकातली कोरडी शहरं वाचली,
आईला ती मागच्या आठवड्यातली वाटली.
प्रेमाचं एक मात्र एकटीनंच वाचलं,
गच्चीवर, टाकीच्या सावलीत.
तिनं ते मागितलंही नाही.

परवा रद्दीवाल्याच्या तराजूत
चादरींच्या जुन्या कॅटलॉगखाली तो मासा सापडला.
लाल पट्टी अर्धी सुटलेली,
आत बिराजदारकाकांचा शिक्का, जांभळा, वाकडा.
वाचनालयाच्या जागी आता मोबाईल दुरुस्ती.
अकराव्या वर्षी मी ते पुस्तक
लहानांचं म्हणून परत केलं होतं.
छेचाळिसाव्या वर्षी दहा रुपयांना घेतलं.

आई एकाहत्तर. दोन हिवाळे झाले
संध्याकाळच्या वर्गाला जाते, पाटी नको म्हणाली, वही घेतली.
तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट
पहिल्या ओळीवर ठेवलं तिनं.
मा. सा.
मग बराच वेळ काही नाही. मग, मासा.
एका पानाला पाऊण तास लागला.
खाली नळ आला, बायकांची हाकाटी सुरू झाली,
ती उठली नाही.
मी वाट बघत होते तिच्या त्या प्रश्नाची.
शेवटी मीच विचारलं, निजमेना, अम्मा?

तिनं वर पाहिलं नाही. बोट तिथंच.
"थांब जरा.
मासा अजून बोलला नाही."